निकाल कोणत्या गावाहून येतो

जबलपूरच्या मराठी घरांत मुलांच्या शाळेचा निकाल बहुतेक काळ परगावाहून येत आला आहे. माझ्या आजोबांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर नागपूरच्या हायस्कूल शिक्षण मंडळाचं नाव आहे. बाबा अकरावी झाले. तेव्हा तिला हायर सेकंडरी म्हणत, आणि त्यांच्या गुणपत्रिकेवर भोपाळ आहे. माझ्या १९९७ च्या दहावीच्या कागदावरही भोपाळच. २०२२-२३ हे शाळेचं वर्ष संपलं तेव्हा थोरली आठवीत होती, धाकटा पाचवीत. मे महिन्यात रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडमध्ये लेथ बंद करून, हात पुसून मी मोबाइलवर दोघांचे निकाल पाहिले, तेही भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राच्या पानावर. दोघं चांगल्या गुणांनी पुढे गेली. थोरलीच्या कागदावर हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान असे सहा विषय होते. घरात दिवसभर जी भाषा चालते तिचा रकाना त्यात नव्हता. आजोबांच्या दाखल्यावर तो होता. मधल्या ऐंशी वर्षांत तो कसा गेला, हे मुलांना नीट सांगता यावं म्हणून मी हा सगळा मागोवा घेतला.

जबलपुरात मराठी ही काही काल-परवा गाडीतून उतरलेली भाषा नव्हे. गढा-मंडल्याचं राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेलं आणि जबलपूर हे त्यांच्या कारभाराचं ठाणं झालं. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी तो घेतला. म्हणजे छत्तीस वर्षं इथला कारभार मराठी माणसांच्या हातात होता. शाळेच्या पुस्तकात माझ्या मुलांना गढा-मंडल्याची राणी दुर्गावती भेटते, आणि भेटायलाच हवी. २४ जून हा तिचा बलिदान दिवस, १५६४ सालचा. उन्हाळ्याची सुट्टी संपली की तो येतो आणि शहरभर तिचं नाव घेतलं जातं. आमचं अधारतालसुद्धा तिच्या दिवाणाच्या, अधारसिंहाच्या नावाचं. पण दुर्गावतीपासून मुलं थेट इंग्रजांवर येतात आणि मधली छत्तीस वर्षं दोन ओळींत उरकतात. ती मी घरी सांगतो.

इंग्रजी अमलात शाळा वाढल्या. सागरला १८३६ मध्ये निघालेली शाळा पुढे कॉलेज होऊन १८७३ मध्ये जबलपूरला आली, तेच रॉबर्टसन कॉलेज. हितकारिणी सभा १८६८ ची. मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला आणि राजधानी नागपूर ठरली, तरी परीक्षा घेणारं विद्यापीठ प्रांतात नव्हतं. आधी कलकत्ता, मग १८८७ पासून अलाहाबाद. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा कुठे निकाल प्रांतातल्या प्रांतात लागू लागला. मराठी आणि हिंदी असा दुहेरी प्रांत, आणि त्याचं विद्यापीठ मराठी शहरात. आजोबा शिकले ते याच व्यवस्थेत. तुमसरच्या शाळेत त्यांना मराठी होती, इंग्रजी होती आणि हिंदी कानावर होती. प्रांताच्या उत्तर टोकाला, जबलपूरला, नोकरी करायची वेळ आली तर आपण परमुलखात चाललो असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. सरकार तेच होतं, बोर्डही तेच.

त्यांना इथे आणलं ते महायुद्धाने. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून होतीच. १९४२ मध्ये खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि हजारो हातांची गरज पडली. आजोबा गोंदियाहून नॅरो गेजच्या छोट्या गाडीत बसले, नैनपूर करत सातपुडा ओलांडून जबलपूरला उतरले आणि खमरियात लागले. त्या गाडीला आमच्या घराच्या इतिहासात मोठी जागा आहे. आजी तीतूनच आली, आई तीतूनच आली, आणि माझ्या लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात आजोळी जायची तीच वाट होती. रूळ रुंद करण्यासाठी २०१५ मध्ये ती बंद झाली. आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते. माझ्या मुलांनी छोटी गाडी पाहिली ती फोटोतच.

मुंबईकडची माणसं त्याच्याही आधी आली होती. मुंबईहून आलेली जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याहून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरलाच मिळाल्या. रेल्वे, कचेऱ्या, पोस्ट, वकिली, मास्तरकी या सगळ्यांत मराठी माणसं होती. गोलबाजारातलं दत्तमंदिर, महाराष्ट्र हायस्कूल ही नावं शहरातल्या अमराठी माणसालाही ठाऊक असतात. एखाद्या समाजाने परगावी देऊळ बांधावं हे साहजिक आहे. पण देवळाबरोबर शाळेचाही विचार केला, याचा मला फार अभिमान वाटतो.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. त्याआधी सहाच वर्षं, १९५० मध्ये, जुन्या मध्य प्रदेशाने, म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांताने, हिंदी आणि मराठी या दोन्हींना राजभाषा करणारा कायदा केला होता. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा महाकोशल नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. जबलपूरच्या वाट्याला हायकोर्ट आलं. विदर्भाला पुढे आपली भाषा आणि आपलं राज्य एकत्र मिळालं, हे चांगलंच झालं. मात्र त्या रेषेच्या उत्तरेला राहिलेल्या मराठी घरांचं काय झालं, हे त्या आनंदात कुणी फारसं विचारलं नाही. खमरियाच्या क्वार्टरमध्ये आजोबा होते तिथेच होते. बाबांच्या शाळेची भाषा मात्र ठरली. ते हिंदीत शिकले, पुढे १९६५ च्या कायद्याने झालेल्या भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९६९ मध्ये निघालेल्या व्हेइकल फॅक्टरीत लागले. शक्तिमान ट्रक आधी गन कॅरेज फॅक्टरीत बनत, ते काम या नव्या कारखान्यात आलं होतं. बाबांनी शक्तिमानवर आयुष्य काढलं. कारखान्याचा भोंगा, रांझीचा बाजार आणि घरी आजोबांच्या हाताखाली गिरवलेली बाराखडी हे त्यांचं बालपण.

राज्यघटनेने आमच्यासारख्यांचा विचार केला नव्हता असं नाही. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय व्हावी, असं तो सांगतो. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक हिशेबही ठरवून दिला होता. एका वर्गात दहा किंवा सगळ्या शाळेत चाळीस मुलं एका भाषेची असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. नियम न्यायाचा आहे. आमच्या शहरात तो लागू का पडत नाही, याचं उत्तर कारखान्यांच्या वसाहतींत आहे. क्वार्टर मिळतं ते हुद्द्याप्रमाणे, भाषेप्रमाणे नव्हे. आमच्या एका भिंतीला तमिळ घर होतं, दुसरीला बंगाली, समोर बुंदेलखंडी. हे शेजार मला माझ्या आयुष्यातल्या मोठ्या भाग्यांपैकी एक वाटतात. पण मराठी मुलं अशी शहरभर विखुरली. राइट टाउनला चार, रांझीला तीन, अधारतालला दोन. एका वर्गात दहा कधी जमलीच नाहीत. त्यातून १९६३ मध्ये केंद्र सरकारने सेंट्रल स्कूलं सुरू केली आणि आमच्या कारखान्यांच्या आवारांतही ती आली. बदलीच्या नोकरीतल्या माणसांच्या मुलांची त्यांनी मोठी सोय केली, आणि तिथे शिकून मुलं फार पुढे गेली. त्या शाळांत हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत पक्की झाली. मराठीची जागा घरात होती, घरातच राहिली.

इथे कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? हिंदीत शिकून मराठी माणसं लहान झाली का? मुळीच नाही. उलट हिंदीला या घरांनी जे दिलं, ते मी मुलांना मान वर करून सांगतो. माधवराव सप्रे दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचे, जन्म १८७१ चा, घरची भाषा मराठी. त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला. जबलपुरातून १९२० मध्ये ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागेही ते होते. त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’चं नाव हिंदीच्या पहिल्या कथांमध्ये घेतलं जातं. आणि गजानन माधव मुक्तिबोध! १९१७ चा जन्म, मराठी घर, आणि आधुनिक हिंदी कवितेतलं सगळ्यांत खोल नाव. ते काही काळ आमच्या जबलपुरात, हितकारिणीच्या हायस्कुलात शिकवत होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मोठे कवी आणि समीक्षक. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या ग्रंथाला १९७९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका आईची दोन मुलं, एक हिंदीत लिहिणारा, एक मराठीत. माझा सगळा विचार या दोन भावांपाशी येऊन थांबतो. एक भाषा घ्यायला दुसरी टाकावी लागत नाही. सप्रे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेऊ शकले, कारण त्यांची मराठी शाबूत होती. आपल्या पुढच्या पिढीतल्या एखाद्याने मुक्तिबोध मराठीत आणावेत असं वाटत असेल, तर त्याला मराठी वाक्य कसं चालतं हे आधी माहीत असायला हवं.

आता २०२२-२३ या वर्षाकडे येतो. पाचवी आणि आठवीची बोर्डाची परीक्षा माझ्या लहानपणी होती. शिक्षण हक्काचा कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर आठवीपर्यंत नापास करणं थांबलं आणि त्या परीक्षेचा धाक गेला. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर मध्य प्रदेशाने पाचवी-आठवीसाठी बोर्डाची पद्धत पुन्हा आणली. माझी दोन्ही मुलं २०२२-२३ मध्ये नेमकी त्याच दोन इयत्तांत सापडली. थोरली तर पाचवीतून सहावीत घरबसल्याच गेली होती. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या पिढीची दोन वर्षं मोबाइलच्या पडद्यावर गेली. इतर शाळांच्या गुरुजींच्या हाती आपला पेपर जाणार, हे तिला पहिल्यांदाच कळलं. दिवाळीनंतर ती रोज पहाटे उठून बसायची. तिच्या शेजारी धाकटाही उठून बसायचा, अभ्यास कमी आणि सोबत जास्त. वर्षभरात त्या दोघांत जो जिव्हाळा वाढला तो कुठल्या कागदावर आला नाही, पण मी तो पाहिला.

शाळेच्या वर्षाची मांडणीही बदलली आहे. आमच्या वेळी ३० एप्रिलला निकाल आणि १ जुलैला शाळा. मधले दोन महिने पूर्ण आजोळचे. विदर्भातल्या मामेभावंडांच्या शाळाही उन्हामुळे जूनच्या अखेरीसच उघडत, त्यामुळे दोन्हीकडची मुलं एकाच वेळी मोकळी असत. माझी मराठी पक्की झाली ती तिथे, तुमसरच्या आजोळच्या अंगणात, भावंडांशी भांडताना, आजीच्या गोष्टी ऐकताना, रात्री गच्चीवर एका पुस्तकासाठी ओढाताण करताना. आता मध्य प्रदेशात नवं सत्र १ एप्रिलला सुरू होतं. नवी पुस्तकं घ्या, महिनाभर शाळेत जा, मग सुट्टी, आणि जूनच्या मध्यावर परत. तिकडे महाराष्ट्रात निकाल १ मेच्या सुमारास. दोन्हीकडच्या सुट्ट्यांचा मेळ बसता बसता मामाच्या घरचे दोन महिने दोन आठवड्यांवर आले. भाषेचं सर्वांत मोठं नुकसान राज्याच्या सीमेपेक्षा या सुट्टीने केलं, असं माझं ठाम मत आहे. सीमा ओलांडून छोटी गाडी तरी जात होती.

लिपी एकच असल्यामुळे आणखी एक फसगत होते. धाकटा मराठी वर्तमानपत्र हातात घेतो आणि भराभर वाचतो. पाहुणे कौतुक करतात. पण वाचतो ते हिंदीच्या चालीवर, अर्थ निम्मा सुटतो, आणि लिहायला बसला की ‘ळ’ येतो तिथे ‘ल’ लिहितो. वेगळी लिपी असती तर आपल्याला भाषा येत नाही हे लगेच कळलं असतं. तमिळ शेजाऱ्यांची मुलं म्हणूनच रविवारी वेगळं बसून अक्षरं गिरवत. आमच्या घरांत ते कधी कुणाला गरजेचं वाटलं नाही.

एक प्रथा मात्र टिकली आहे. रिछाईत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा सगळ्या शेडमध्ये होते, आमच्याकडेही. शिवाय खंडेनवमीला मी लेथ, ड्रिल, मायक्रोमीटर, व्हर्नियर पुसून झेंडूची फुलं वाहतो, कारण आजोबा आपली हत्यारं पुजत, बाबा पुजत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, घरी पाटीपूजन. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, मुलांनी वह्यापुस्तकं ठेवायची. बाहेर रस्त्यावर जबलपूरचा मोठा दुर्गोत्सव चाललेला असतो, ढोल वाजत असतात, आणि आत मुलं पाटीसमोर हात जोडून बसलेली असतात. एका दसऱ्याला थोरलीने सरस्वती काढली आणि शेजारी स्वतःहून मराठीत एक ओळ लिहिली. मुलांच्या आजीने ती वाचली, एक मात्रा सुधारली, आणि पाटी तशीच ठेवली. लॉकडाऊनमध्ये आजीनेच दोघांना अक्षरं गिरवायला लावली होती, तिचं ते फळ.

रिछाईबद्दल दोन शब्द. आमच्यासारख्या लहान कारखानदारांचं काम बरंचसं व्हेइकल फॅक्टरी, गन कॅरेज फॅक्टरी यांच्याभोवती वाढलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. व्हेइकल फॅक्टरी एका कंपनीत, गन कॅरेज दुसरीत आणि खमरिया तिसरीत, जिचं मुख्यालय पुण्याला आहे. ज्या कारखान्यांनी तीन पिढ्या मराठी माणसं इथे आणली, तिथे आता बापामागून मुलगा लागत नाही. माझ्या मुलांना इथे पोट बांधून ठेवणार नाही, ती पुण्याला जातील, बंगळुरूला जातील, कदाचित आणखी दूर. त्यांच्यासोबत जाईल ते इथून जे घेतील तेवढंच.

म्हणून या शहरातल्या, आणि सागर, इंदूर, भोपाळ इथल्याही मराठी पालकांना माझं सांगणं आहे. मध्य प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या वेळापत्रकात गुजराती, पंजाबी, सिंधी यांच्या पंक्तीला मराठीचाही पेपर असतो. तो रकाना आपल्यासाठीच ठेवलेला आहे. मुलांच्या शाळेत जाऊन विचारा, अर्ज द्या, शेजारच्या शाळेतली दोन मुलं जोडून घ्या. दहा एका वर्गात जमणार नाहीत, पण दहा एका दिवाणखान्यात जमू शकतात. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर मिळतात. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघतं आहे, ते वाचायला द्या. घरात आजी असेल तर तिच्यापुढे आठवड्यातला एक तास पाटी घेऊन बसवा, आणि सुट्टीत मुलांना मामाकडे दोन आठवडे जास्त ठेवा. आमच्या घरी रविवारी सकाळी दहाला बसतो. रिछाई-अधारताल भागात कुणी मराठी कुटुंब असेल, तर मुलांना घेऊन या.